फुलं नकोत, नाईटला आणखी एक नर्स द्या

नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलीला मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: याच क्षेत्रात का यावंसं वाटलं? उत्तरही ठरलेलं. लहानपणापासून सेवेची आवड, आजीचं आजारपण जवळून पाहिलं, रुग्णाच्या चेहऱ्यावरचं हसू वगैरे. समोर बसलेल्या मॅडमनी त्यांच्या वेळी हेच सांगितलेलं असतं, त्यामुळे कोणी खोलात जात नाही. हल्ली अधूनमधून मलाही त्या टेबलाच्या पलीकडे बसायला बोलावतात, आणि एखादी तरी चुकून खरं बोलेल म्हणून मी वाट बघत असते. सुरगाण्याकडची एक मुलगी बोलली होती. "मॅडम, बाकीचे कोर्स करून नोकरी लागेलच असं नाही. याच्यात लागते." शेजारच्या बाईंना ते रुचलं नाही. मला ती मुलगी सगळ्यांत पक्की वाटली.

माझंही कारण तेच होतं. वडील नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात दुसऱ्यांच्या द्राक्षबागांमध्ये रोजंदारीवर जायचे. छाटणी, विरळणी, डिपिंग. हंगाम असला की चार पैसे, नसला की उसनवारी. महिन्याच्या ठरल्या तारखेला घरात पैसे येतात, ही गोष्ट मी फक्त शाळेतल्या गुरुजींच्या घरी पाहिली होती. आणि आरोग्य उपकेंद्रातल्या एएनएम, म्हणजे गावच्या नर्स ताईंकडे. त्यांची स्वतःची स्कूटी होती, आणि एरवी कुणाला न जुमानणारे सरपंचही त्यांना "ताई, जरा येऊन बघता का" म्हणायचे. तिथेच माझं ठरलं. त्यात सेवाभाव नव्हता आणि याची मला लाज वाटत नाही.

वाटावी अशी अपेक्षा मात्र असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात लागणाऱ्या इंजिनिअरला कोणी विचारत नाही की, बाबा रे, यंत्रांवर प्रेम आहे ना तुझं? सीए झालेल्या पोरानं पगाराची घासाघीस केली तर आईवडील चार लोकांत कौतुकानं सांगतात. नर्सनं पगाराचं नाव काढलं की तिच्या सेवाभावात खोट निघते. माझं म्हणणं असं की या सेवाभावाच्या कौतुकानं नर्सचं नुकसान केलंच, पण त्याहून जास्त नुकसान रुग्णाचं केलं. जे काम पुण्य म्हणून मिरवलं जातं त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. किती माणसं लागतात, किती वेळ लागतो, वेळ मिळाला नाही तर काय होतं, हे विचारणंच असभ्य ठरतं.

याला जुना इतिहास आहे. दुसऱ्याचं मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावण्याचं काम आपल्याकडे कुणाच्या वाट्याला टाकलं जायचं ते सांगायला नको. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १८९७ साली गेल्या. मुंढव्याहून प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात आल्या होत्या. त्या काळात घरचे लोकही प्लेगच्या रोग्याजवळ जायला धजत नव्हते. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानड्यांनी तिथून बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं. त्यात विधवा बऱ्याच. बाकी ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयांतल्या मुली. म्हणजे ज्यांच्याकडे नाकारण्याची सोय नव्हती अशा बायकांवर हा धंदा उभा राहिला. त्यांना पैसा आणि मान यांपैकी काहीतरी द्यायचं तर मान स्वस्त पडतो, म्हणून तो भाषणात दिला गेला. घरात मात्र अजूनही "नर्स? रात्रीच्या ड्युट्या? मग लग्नाचं कसं?" हेच. माझ्या वेळी मामांनी हे विचारलं होतं. नंतर त्यांच्याच मुलीला त्यांनी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला घातलं, तो भाग वेगळा.

पगारासाठी आले हे खरं, पण टिकून का राहिले, याचं उत्तर वेगळं आहे, आणि माझ्या धंद्याचं तत्त्वज्ञान म्हणाल तर ते तिथे आहे.

आमच्या जिल्ह्यात द्राक्ष म्हटलं की फवारणी आली, आणि फवारणी आली की विषबाधेचे रुग्णही आले. कुणाला शेतात लागतं, कुणी कर्जापायी किंवा घरातल्या भांडणात मुद्दाम घेतलेलं असतं. पहिले काही तास सगळी धावपळ: कपडे काढा, साबणपाण्यानं अंग धुवा, पोट धुवा, ॲट्रोपिन हा उतारा सुरू करा. दर काही मिनिटांनी आम्ही बाहुल्या बघतो, नाडी मोजतो, काखेत हात घालून घाम आटला का ते चाचपतो. काख कोरडी पडली, छातीतली घरघर थांबली की डोस बसतोय असं समजायचं. जास्त झालं तर माणूस बरळायला लागतो, हवेत काहीतरी वेचत बसतो, सलाईन उपटतो. हे सगळं डॉक्टर सांगतात, बघायचं नर्सनं.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट शुद्धीवर असतो, चहा मागतो, बायको रडणं थांबवून रागवायला लागलेली असते. सगळ्यांना वाटतं सुटलो. नेमका याच वेळात, साधारण एक ते चार दिवसांच्या टप्प्यात, काही जणांचे स्नायू ढिले पडायला लागतात आणि श्वास घेण्याची ताकद हळूहळू जाते. बोटाला लावलेलं यंत्र बराच वेळ चांगलाच आकडा दाखवत राहतं. तो खाली येईपर्यंत उशीर झालेला असतो. याची पहिली खूण अगदी साधी. पेशंटला म्हणायचं, "दादा, उशीवरनं मान उचला बघू." उचलली तर ठीक. काल उचलत होता आणि आज हनुवटी नुसती थरथरतेय, मान उशी सोडत नाही, तर डॉक्टरांना त्याच मिनिटाला फोन करायचा आणि व्हेंटिलेटर कुठे रिकामा आहे ते बघायचं. आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टर प्रत्येक ओव्हर घेताना, म्हणजे मागच्या पाळीकडून वॉर्ड ताब्यात घेताना, विषबाधेच्या प्रत्येक पेशंटची मान स्वतः उचलून घ्यायच्या. केसपेपरवर काय लिहिलंय ते नंतर वाचायच्या.

मान उचलायला सांगण्यासाठी करुणा लागत नाही. कोणीतरी त्या खाटेपाशी जाऊन उभं राहावं लागतं, काल काय होतं ते तिला ठाऊक असावं लागतं, आणि आज काय बघायचं ते तिला शिकवलेलं असावं लागतं. मला विचाराल तर नर्सिंग म्हणजे हेच, लक्ष ठेवणं. सुया टोचणं कोणीही महिन्याभरात शिकतं. पावसाळ्यात पेठ-हरसूलकडून साप चावलेले लोक येतात. त्यांचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून गोठलं का बघायचं. जगातली सगळ्यात स्वस्त तपासणी. पण नळी ओली असली, कोणी मध्येच हलवली, की निकाल खोटा, आणि त्यावर प्रतिविषाचा निर्णय. वीस मिनिटं एका नळीवर लक्ष ठेवणारं माणूस रात्री वॉर्डात असतं का, हा माझा सार्वजनिक प्रश्न आहे.

आता हिशेब मांडते. आमच्याकडे बहुतेक सरकारी रुग्णालयांत सकाळ, दुपार सहा-सहा तासांच्या आणि नाईट रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तासांची. बारा तासांची ७२० मिनिटं होतात. चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटी नर्स असेल तर एका रुग्णाला १८ मिनिटं, तीही तिनं पाणी प्यायलं नाही, बाथरूमला गेली नाही, नवी ॲडमिशन आली नाही तर. या १८ मिनिटांत रात्रीचे डोस, पहाटेचे डोस, पावडरची इंजेक्शनं विरघळवणं, सलाईन बदलणं, बीपी, ताप, लघवीचं माप, आणि या सगळ्याची नोंद. अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची म्हटली तर रात्रीत सहा वेळा, प्रत्येक वेळी निदान पाच मिनिटं आणि दोन माणसं. त्या एकट्याचेच तीस मिनिटं झाले. म्हणजे बाकी कुणाच्या तरी वाट्याचे काढून त्याला द्यायचे, किंवा कूस बदलायचीच नाही आणि चार दिवसांनी माकडहाडावरची कातडी लाल झालेली बघायची.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि रजेसाठी वर ३० टक्के. ऐकायला भरघोस वाटतं. पण हे एकूण नेमणुकीचं प्रमाण आहे, तीन पाळ्यांत वाटलं की तीनास एकचं प्रत्यक्षात नवास एक होतं. तरी चालेल हो. चाळीस खाटांना रात्री चार नर्स मिळाल्या तर आम्ही पेढे वाटू.

लोकांना वाटतं ही कामगारांची नेहमीची रड. म्हणून सांगते, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, नर्सच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला, तिथेही वाढ तेवढीच. कॅलिफोर्नियानं १९९९ साली कायदा करून नर्समागे जास्तीत जास्त किती रुग्ण हे ठरवून टाकलं आणि २००४ पासून ते लागू झालं. तिथली चर्चा चार-पाच-सहा रुग्णांची आहे. आपण चाळिसांवर बसून सेवाभाव मोजतोय.

दर वर्षी १२ मेला फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वाढदिवशी आम्हाला गुलाबाचं फूल मिळतं. मेणबत्त्या, शपथ, पाहुण्यांचं भाषण, त्यात 'देवदूत' हा शब्द. या बाईचा दिवा सगळ्यांच्या लक्षात राहिला. तिनं काढलेले तक्ते कोणालाच आठवत नाहीत. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीतून होणाऱ्या रोगांनी जास्त मेले, हे तिनं आकड्यांनी आणि आकृत्यांनी सिद्ध केलं आणि सरकारच्या डोक्यावर बसून गटारं, खिडक्या, स्वच्छ पाणी करवून घेतलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत निवडून गेलेली ती पहिली बाई. म्हणजे जिच्या नावानं आम्हाला गप्प राहून राबायला सांगतात, ती स्वतः आकडे घेऊन मंत्र्यांशी भांडायची. यंदाच्या कार्यक्रमात कुणीतरी तेवढं सांगावं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबागची गोष्टही अशीच सांगितली जाते. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपवून कपडे बदलायला गेली असताना तिच्यावर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला ती गेली, तोवर केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं, बेचाळीस वर्षं. २०११ साली तिच्या दयामरणाच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानंही या शुश्रूषेचं कौतुक केलं. लोक यात माया बघतात, आणि ती होतीच. मला मात्र त्यात ड्युटी लिस्ट दिसते. दिवाळीला, संपात, पुरात, गणपती विसर्जनाच्या रात्री, प्रत्येक पाळीला कुणाचं तरी नाव तिच्या खाटेसमोर होतं, आणि पाळी संपताना कुणीतरी कुणाला तरी तिची ओव्हर देत होतं. पहिल्या पिढीतल्या मैत्रिणी रिटायर झाल्या, तिला चालती-बोलती कधीच न पाहिलेल्या मुली आल्या आणि तेच करत राहिल्या. मायेच्या भरवशावर हे एवढं लांब जात नाही. आणखी एक: हल्ला कपडे बदलण्याच्या जागी झाला. आज किती रुग्णालयांत नर्सेसना आतून कडी लागणारी, दिवा चालू असलेली चेंजिंग रूम आहे, हे १२ मेच्या पाहुण्यांनी भाषणाआधी एकदा फिरून बघावं.

मायेबद्दल माझं मत जरा कोरडं आहे, आमच्यातल्याच काही जणींना ते आवडत नाही. पेशंट मला आवडलाच पाहिजे असं मी मानत नाही. दारू उतरत असलेला माणूस रात्री तीनला आई-बहिणीवरून शिव्या देतो, लाथा झाडतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो. त्याच्याबद्दल मला प्रेम वाटत नाही. पण साखरेचं सलाईन लावण्याआधी त्याला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, गेलंय का हे मी बघते, हातपाय बांधायची वेळ आली तर गाठीखाली बोट जातंय का हे बघते, आणि दर तासाला परत जाते. सलग पाचव्या नाईटला करुणा आटलेली असते. हाताची सवय आटत नाही. ती सवय लागते शिक्षणानं, जुन्या सिस्टरच्या ओरडण्यानं, आणि पुरेशी माणसं असली तर. सवयीला वेळच मिळाला नाही तर तीही मोडते, आणि ती मोडलेली नर्स रिकाम्या खान्यात अंदाजे बीपी भरते. अशा नर्सला निर्दय म्हणणं सोपं आहे. तिच्या वॉर्डात त्या रात्री किती पेशंट होते ते आधी विचारा.

आता पैशाकडे येते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली, तिनं खाजगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान रुग्णालयातही महिना २०,००० पेक्षा कमी नाही. केरळातल्या नर्सेसनी संप केले, मोर्चे काढले, आणि २०१८ साली तिथल्या सरकारला २०,००० चं किमान मूळ वेतन जाहीर करावं लागलं. नाशिकमध्ये गल्लोगल्ली जी छोटी रुग्णालयं आहेत तिथल्या मुलींना पगार विचारा. वर्षं उलटली तरी बऱ्याच जणी त्या आकड्याच्या खालीच आहेत. आणि त्यातली कोण खरंच नर्स आहे हेही विचारा, कारण दहावी झालेल्या मुलीला गणवेश घालून "सिस्टर" म्हणून उभं करणं अजूनही सर्रास चालतं. बिचारीकडून चूक झाली की मार तिलाच बसतो.

डॉक्टर मंडळी म्हणतात, आम्हाला परवडत नाही. सगळेच खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. कळवणला किंवा इगतपुरीला दहा खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टर जोडप्याची ओढाताण मी पाहिली आहे. बरेचदा रात्री तीच दोघं नर्सचंही काम करतात. पण शहरातल्या रुग्णालयाचं बिल हातात घेऊन बघा. खोलीचं भाडं, डॉक्टर व्हिजिट, आणि त्याखाली एक ओळ: नर्सिंग चार्जेस, दर दिवशी इतके. समजा वीस खाटा आहेत आणि ही ओळ दिवसाला ३०० रुपयांची आहे. खाटा भरलेल्या धरल्या तर महिन्याला १,८०,००० रुपये नर्सिंगच्या नावानं रुग्णांकडून गोळा होतात. शिकवणाऱ्या रुग्णालयाचं चढं प्रमाण लावलं तरी वीस खाटांना रजेसकट नऊ नर्स लागतात. नऊ जणींना २०,००० प्रमाणे किती होतात ते करून बघा. तेवढेच. खाटा कमी भरल्या तर नर्सही कमी पुरतील. म्हणजे रुग्ण नर्सचे पैसे भरतो आहे. ते बिलावरून नर्सपर्यंत येताना वाटेत कुठे मुरतात, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये तर नर्सिंग ठळकपणे दिसतही नाही, खाटेत मुरलेलं असतं. लहान रुग्णालयांची खरी अडचण तिथे आहे आणि त्यांनी नर्सचा पगार कापण्याऐवजी त्या दरांवर आवाज उठवावा, आम्ही सोबत येऊ.

सरकारी बाजूला वेगळी तऱ्हा. जागा निघतात त्या बऱ्याचदा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या. करोनात मुली भरल्या, लाट ओसरल्यावर घरी पाठवल्या. २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या वर्षी आम्हाला थाळ्या ऐकायला मिळाल्या. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. त्यानंतर टाकी, नळ्या, देखभाल यावर भरपूर बोललं गेलं, बोलायलाच हवं होतं. पण नळीतला दाब गेला की प्रत्येक खाटेशी एक माणूस लागतं. कुणी सिलेंडर ओढत आणायचा, कुणी हातानं श्वास देण्याची अँबू बॅग दाबायची, आणि बॅग दाबणारा हात दुसऱ्या खाटेकडे नेता येत नाही. ही गोष्ट टाकीच्या चौकशीत बसत नाही, भरतीच्या फायलीत बसते. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका खाजगी एजन्सीमार्फतच्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हा "रुग्णांना वाऱ्यावर सोडलं" असं म्हटलं गेलं. चाळिसाला एक असतानाच्या रात्री रुग्ण कशावर सोडलेले असतात?

आमच्याही घरात सगळं काही आलबेल नाही. नर्स डॉक्टरांकडून मान मागते आणि मावशींना "ए" करून हाक मारते. बेडपॅन उचलणारी, पेशंट पुसून काढणारी मावशी नसेल तर माझं सगळं शास्त्र दुपारपर्यंत कोलमडेल. तिचा पगार माझ्याहून कमी, तिचं कंत्राट माझ्याहून लहान. ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स लोकांबद्दलही आमच्यात फाटे आहेत, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

मुली आता थांबत नाहीत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच आहे, राज्यभरच्या बीएस्सी नर्सिंगच्या पदवीवर नाशिकचं नाव असतं, आणि ती पदवी घेऊन मुली ड्युटी रूममध्ये जर्मन शब्द पाठ करत बसतात. डेर, डी, डास. त्यांना स्वार्थी म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की इथे तिला काय देऊ केलंत? माझ्या हाताखालची एक हुशार मुलगी गेल्या वर्षी जर्मनीला गेली. तिथून फोनवर ती पगाराबद्दल कमी बोलते. "ताई, रात्री माझ्याकडे मोजकेच पेशंट असतात, नीट बघता येतं," हे तिनं मला दोनदा सांगितलं. तीच नर्स, तेच हात.

आणि आता सिंहस्थ. २०२७ साठी रस्ते, घाट, पूल, तंबू, शौचालयं यांची चर्चा रोज वाचायला मिळते. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले, त्यामुळे गर्दीचं नियोजन व्हायलाच हवं. तात्पुरती रुग्णालयं उभी राहतील, खाटा येतील, औषधं येतील. खाटा निविदा काढून महिन्यात मिळतात. दमलेला म्हातारा उन्हानं झोपलाय की बेशुद्ध पडलाय हे एका नजरेत ओळखणारी नर्स तयार व्हायला तीन-चार वर्षांचं शिक्षण आणि वर वॉर्डातली काही वर्षं लागतात. ती ऐन वेळी कुठून येणार, तर त्र्यंबक रोडच्या, नाशिकरोडच्या, तालुक्याच्या वॉर्डांतून उचलून. म्हणजे पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर चार जास्त, आणि वॉर्डात चाळिसाला जी एक होती तीही नाही. सिंहस्थाच्या निमित्तानं कायम पदं भरली तर साधू निघून गेल्यावरही ती जिल्ह्याला उरतील. घाटांइतकीच ती टिकाऊ बांधणी आहे. पण उद्घाटनाची कोनशिला नर्सवर बसवता येत नाही, ही तिची अडचण.

मागणी अवघड नाही. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर फळा लावा: आज या पाळीला रुग्ण इतके, नोंदणीकृत नर्स इतक्या. सरकारी असो, खाजगी असो. डॉक्टरांच्या पदव्या पाटीवर चालतात तर हे का नको? फळा लागला की पहिले काही महिने आकडे खोटे लिहिले जातील, हे मला माहीत आहे. पण वॉर्डात बसलेल्या नातेवाइकाला मोजता येतं.

तोवर तुम्ही एक करू शकता. पेशंट भरती करताना लोक एसी आहे का, कॅशलेस चालतं का, पार्किंग कुठे, सगळं विचारतात. त्यासोबत हेही विचारा: रात्री दोन वाजता या मजल्यावर किती पेशंट आणि किती नर्स असतात, आणि त्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का. काउंटरवरच्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो, तो मॅनेजरला बोलावेल. मॅनेजर म्हणेल, आमचा स्टाफ फार सेवाभावी आहे. त्याला म्हणा, ते ठीक, आकडा सांगा.